आजीच्या साड्यांना कात्री लावण्याआधी

आजीच्या पाच साड्या आहेत, दोन सुती नऊवारी, एक इरकल आणि दोन जरीच्या रेशमी. त्यांच्या उशा, पडदे, भिंतीवर लावायला काही करता येईल का, देवाच्या फुलांनी कापड रंगवता येईल का आणि हे सगळं मुंबईच्या पावसात टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. मी गिरगावात वीस-बावीस वर्षं जुन्या कापडावर काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कात्री अजून हातात घेऊ नका. आधी एकेक साडी दिवसा खिडकीशी उलगडून उजेडावर धरा. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग विरतो, काठ-पदर मात्र धड राहतात. जिथून उजेड जाळीसारखा येतो तिथे खडूने खूण करा. आठ मीटरच्या लुगड्यातून धड कापड कधी कधी चारच मीटर निघतं. ते किती आणि कुठल्या भागात आहे हे कळल्यावरच त्याचं काय करायचं ते ठरवा. आधी पडदा मनात धरून साडी कापली की हमखास वाया जाते.

रेशमाचं दुखणं वेगळं. ते घडीवर तडकतं. सासूबाईंच्या शालूच्या मी हौसेनं उशा शिवल्या होत्या. दिसायला कापड लखलखीत होतं, पण दोन महिन्यांत शिवणीजवळ उभ्या चिरा गेल्या. तो शालू आठवला की अजून वाईट वाटतं. तेव्हापासून जिथे ओढ बसते तिथे मी जुनं रेशीम लावत नाही. भिंतीवर लावायचं तर मागे मांजरपाट (कोरं, जाडसर सुती कापड) घ्या आणि रेशीम त्यावर बारीक टाक्यांनी सगळीकडून टाचा, म्हणजे वजन मांजरपाट पेलतं. काचेची चौकट केलीत तर कापड काचेला टेकू देऊ नका, पावसाळ्यात मध्ये ओल धरते. चौकटीसाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात चक्कर मारा. पाडलेल्या चाळींचं, वाड्यांचं बर्मा सागवान तिथे मिळतं. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड सहसा वाकत नाही.

जर काळी पडली म्हणून लिंबू-चिंच लावू नका. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचं पाणी. काळी पडते ती चांदी, आणि घासली की सोन्याचा मुलामा निघून जातो. जुनी जर विकत घेणारे दारावर येतात, ते ती जाळून चांदी काढतात. त्यांना काठ देऊ नका, अगदी कळवळून सांगते. चांदी बाजारात कधीही मिळेल, तो काठ पुन्हा कोणी विणून देणार नाही.

सुती नऊवारींची मात्र गोधडीच करा. विरलेलं कापडही कामी येईल अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही. विरलेले तुकडे आतल्या थरात घालायचे, धड कापड वर आणि खाली. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना कडेपासून सुरू करून धावदोरा घालत मध्यापर्यंत जातात. तुकड्याची कड दुमडून तोच टाका सगळ्या थरांतून नेला की थर सरकत नाहीत आणि धुताना आत गोळा होत नाही. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभरच अंतर ठेवा. बंगालात कांथ्यासाठी, म्हणजे तिकडच्या जुन्या साड्यांच्या गोधडीसाठी, जुन्या साडीच्या काठातले धागे ओढून वापरायची रीत होती. तुमच्या काठाचा एखादा तुकडा फारच फाटला असेल तर तसं करून बघा, रंग आपोआप जुळतो.

इरकल गोधडीत घालू नका. अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी असतो, पाण्यात दोन्ही वेगवेगळे आकसतात. पदर वेगळा काढून भिंतीवर लावा, तिथेच तो शोभतो.

आता फुलं. साड्या रंगवू नका, रंग मागच्या मांजरपाटाला द्या. झेंडूचा पिवळा सुंदर येतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादरच्या फुलबाजारात कोमेजलेला झेंडू ढिगानं पडलेला असतो. पण सुती कापड नुसत्या फुलांनी रंग धरत नाही. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्याची खळ काढा. मग 100 ग्रॅम कापडाला 20 ग्रॅम हिरड्याची पूड (काष्ठौषधींच्या दुकानात मिळते) पाण्यात कालवून त्यात रात्रभर भिजवा, पिळून वाळवा, नंतर 15 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात भिजवा. शेवटी कापडाच्या वजनाइतकी तरी फुलं मंद आचेवर उकळून, गाळून, त्या पाण्यात कापड तासभर ठेवा. भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढईत हिरडा काळपट होतो आणि पिवळ्याचा शेवाळी रंग येतो. तोही देखणा असतो, फक्त हवा असेल तेव्हाच करा. हळद मात्र टाळा. पहिल्या दिवशी डोळे दिपतात, पण खिडकीतल्या उन्हात रंग लवकर उडतो. डाळिंबाची साल त्या मानानं फार भरवशाची.

पावसाचं म्हणाल तर रेशीम कधीही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. गोधडी मे महिन्यात कडक ऊन दाखवून मगच कपाटात ठेवा.

इरकलीचा पदर उजेडावर धरून एक फोटो काढा आणि इथे टाका. जोडाजवळचे धागे कसे आहेत ते बघून तो कुठून कापायचा ते मी सांगते.