मोटरसायकलला सायकलचा मीटर: आधी एवढंच करा

टीएसडी रॅलीसाठी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे दिलेल्या वेगाने, दिलेल्या वेळेत अंतर कापायची रॅली) स्वस्तात ट्रिपमीटर, म्हणजे कापलेलं अंतर दाखवणारा मीटर, हवा असेल तर सायकलचा मीटर उत्तम चालतो, बिनधास्त बसवा. फक्त वायरवालाच घ्या. साध्या वायरलेस मीटरला इंजिनाच्या स्पार्कचा त्रास होतो आणि आकडे वेडेवाकडे नाचतात.

सेन्सर पुढच्या चाकाला लावा, कारण मागचं चाक खडीवर घसरून फुकट फिरतं आणि अंतर जास्त दाखवतं. चाकावरचा मॅग्नेट समोरून गेला की सेन्सर एक फेरी मोजतो. हा मॅग्नेट रिमकडे नको, हबजवळ हवा. ब्रेक डिस्कच्या ॲलन बोल्टच्या खाचेत छोटा निओडिमियम मॅग्नेट चपखल बसतो, वर इपॉक्सी भरायचं. सेन्सर फोर्कच्या खालच्या, चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागावर, मॅग्नेटपासून दोन-तीन मिलिमीटरवर.

आता खरं काम, चाकाचा घेर. फेऱ्यांवरून अंतर काढायला मीटरमध्ये तो भरावा लागतो. टायरवरच्या आकड्यांवरून हिशेब करू नका. हवा नेहमीची भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर बसा आणि मित्राला सरळ रेषेत ढकलायला सांगा. पाच फेऱ्यांचं अंतर मोजून पाचाने भागा, मिलिमीटरमध्ये. 2000 मिलिमीटरच्या घेरात 10 ची चूक म्हणजे 100 किलोमीटरला अर्धा किलोमीटर फरक. रॅलीत तेवढ्यात वळण चुकतं.

नवखे हमखास चुकतात ते वायरमध्ये. ती ब्रेकच्या नळीसोबत न्या, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून ताण येत नाही ना पाहा, मगच झिप टाय आवळा.

बॅकलाइट, हँडलवरचं रिसेट बटण वगैरे नंतर बघू.