डिग्री मिळणार नाही, मग कॉलेज कशाला?

'डिग्रीच मिळणार नसेल, तर सरकार फी का भरेल? आणि आपण तरी तिला कॉलेजात का घालायचं?' हा प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या एका आईचा. मुलगी 19 वर्षांची, बौद्धिक अक्षमता असलेली. अशा मुलांसाठी कॉलेजात असलेल्या, डिग्री न देणाऱ्या दोन वर्षांच्या कार्यक्रमात तिला प्रवेश मिळाला होता, पण अपंग व्यक्तींना नोकरीसाठी मदत करणाऱ्या राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन विभागाने, म्हणजे व्हीआरने, पहिल्या सेमिस्टरची फी नाकारली.

नकाराचं पत्र नीट वाचल्यावर दिसलं की नकाराचा डिग्रीशी संबंध नव्हता. फी ऑगस्टमध्ये भरली होती, आणि व्हीआरसोबत ठरवायच्या नोकरीच्या वैयक्तिक योजनेवर सह्या ऑक्टोबरमध्ये झाल्या होत्या. योजनेआधीचा खर्च व्हीआर सहसा देत नाही. अर्जानंतर पात्रता ठरायला 60 दिवस, मग योजनेला 90 दिवस अशी मुदत असते. म्हणजे पाच महिने हाताशी हवेतच. मुलीला एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंग व्यक्तींना मिळणारा सरकारी भत्ता, मिळत असेल तर ती पात्र धरली जाते, तेवढा वेळ वाचतो.

दुसरी चूक योजनेतच होती. ध्येय लिहिलं होतं, 'ऑफिसचं काम'. एवढ्यावरून कुठला कोर्स का हवा, हे कुणालाच सांगता येणार नाही. मुलगी लेबल वाचून वस्तू बिनचूक लावते. म्हणून नवं ध्येय ठरलं: रुग्णालयाच्या भांडारात साहित्य लावणारी सहाय्यक. त्याखाली संगणकाचा प्राथमिक कोर्स, वैद्यकीय शब्दांच्या वर्गात परीक्षेविना बसणं आणि आठवड्याला 10 तास इंटर्नशिप. आता प्रत्येक ओळीला कारण होतं, आणि पुढच्या सेमिस्टरची फी मंजूर झाली.

कॉलेजला एक प्रश्न आधीच विचारा: तुमच्या कार्यक्रमाला सीटीपी, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम अशी केंद्र सरकारची मान्यता आहे का? असेल तर शाळेचा नियमित डिप्लोमा (शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) नसतानाही, उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, पेल ग्रांट, म्हणजे परत न करायची सरकारी शिक्षण-मदत, मिळू शकते. सरकारी शैक्षणिक कर्ज मात्र नाही. व्हीआरही आधी अशी मदत मिळवायला सांगतं, म्हणून या मदतीसाठीचा फाफ्सा फॉर्म सर्वांत आधी भरावा. आणि शाळेचा डिप्लोमा घ्यायची घाई करू नका. तो घेतला की शाळा-जिल्ह्याची, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची, मोफत सेवा संपते. काही जिल्हे त्याआधी कॉलेजचा काही भार उचलतात.

फी सुटली, पण गाडी अडली ती बसथांब्यावर. कॉलेजचा मार्गदर्शक आवारात सोबत असे, व्हीआरचा जॉब कोच, म्हणजे कामावर शिकवणारा मदतनीस, रुग्णालयात. मधली बस बदलायला कोण शिकवणार? दोघांनाही वाटलं, दुसरा. तीन आठवडे इंटर्नशिप बुडाली. शेवटी सगळ्यांनी बसून एक पान लिहिलं: बसचा रस्ता कोण शिकवेल, पर्यवेक्षकाशी कोण बोलेल, कोचचे तास कधीपासून कमी होतील. हे पान खरं तर प्रवेशाच्या दिवशीच व्हायला हवं.

नोकरी लागून 90 दिवस स्थिर गेले की व्हीआर फाईल बंद करू शकतं. पुढचा दीर्घकाळचा आधार बऱ्याचदा मेडिकेड वेव्हरमधून, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतून अपंगांना घरी-समाजात मिळणाऱ्या सेवांमधून, येतो, आणि कित्येक राज्यांत त्याची रांग काही वर्षांची असते. त्या आईने त्याच आठवड्यात वेव्हरचा अर्ज दिला. पहिल्या सेमिस्टरची फी मात्र घरच्याच खिशातून गेली.