'किमान शिक्षा'तली सक्ती कोणावर?

प्रश्न असा आला आहे : पोक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) बातम्यांत कधी 'वीस वर्षे सक्तमजुरी' असते, कधी 'सक्तीची शिक्षा'. दोन्ही एकच का? आणि अशा शिक्षेचा न्यायालयाला 'फेरविचार' करता येतो का?

एकच नाहीत. सक्तमजुरी म्हणजे कायद्याच्या पुस्तकातला 'सश्रम कारावास'. तुरुंगात काम करावं लागतं ते कैद्याला. 'सक्तीच्या शिक्षे'तली सक्ती मात्र न्यायाधीशावर असते. घोटाळा टाळायचा तर सरळ 'किमान शिक्षा' म्हणावं.

कायद्यात ही सक्ती 'अमुक वर्षांपेक्षा कमी नसेल' एवढ्याच शब्दांत येते. पोक्सोच्या कलम 6 मध्ये (गंभीर स्वरूपाचा लैंगिक अत्याचार) 2019 पूर्वी ही मर्यादा दहा वर्षांची होती, दुरुस्तीनंतर वीस वर्षांची झाली. म्हणजे अपिलात उच्च न्यायालय जन्मठेपेची वीस वर्षं करू शकतं, एकोणीस नाही. वय लहान, पहिलाच गुन्हा, घरची गरिबी, हे सगळं त्या रेषेच्या वरच मोजायचं.

पूर्वी एक फट होती. पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा खटल्यानंतर, 1983 मध्ये, बलात्काराला किमान सात वर्षं ठरली. पण 'पुरेशी व विशेष कारणे' नोंदवून त्याहून कमी शिक्षा देण्याची मुभाही ठेवली गेली. 2013 च्या दुरुस्तीत ती मुभा गेली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका पोक्सो प्रकरणात स्पष्टच सांगितलं की, 'पेक्षा कमी नसेल' असं कलमात असेल आणि कायद्यानेच वेगळी वाट दिली नसेल, तर न्यायालयाला खाली उतरता येत नाही.

मग वाद शिक्षेवरून कलमावर सरकतो, आणि मला खरी गोम इथेच दिसते. त्याच प्रकरणात उच्च न्यायालयाने कलम 6 ऐवजी कमी शिक्षेचं कलम 4 लावून सात वर्षांची शिक्षा दिली होती. पीडित मुलगा बारा वर्षांखालचा, म्हणून कलम 6 च लागतं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायालयाने दिलेली, जुन्या मर्यादेतली दहा वर्षं कायम केली. नागपूर खंडपीठाचा जानेवारी 2021 चा निकाल आठवत असेल : त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही म्हणून पोक्सोचं कलम 8 (किमान तीन वर्षं) काढलं आणि भारतीय दंड विधानाचं (भादंवि) 354 (विनयभंग, किमान एक वर्ष) ठेवलं. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तीन वर्षं परत आली. एका 'स्पर्श' शब्दाच्या अर्थावर दोन वर्षांचा फरक!

आता 'फेरविचार'. बोलण्यात चालतो, पण कायद्यात तो शब्द त्याच न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा पाहण्यासाठी वापरतात. फौजदारी निकालावर सही झाली की लेखनदोष सोडून सहसा काही बदलता येत नाही (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 362, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 403). वरचं न्यायालय शिक्षा तपासतं ते 'अपिला'त. किमान शिक्षेचं कलमच राज्यघटनेला धरून आहे का, हा प्रश्न आणखी वेगळा. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच, असं सांगणारं भादंविचं कलम 303 सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये अशा तपासणीतच रद्द केलं.

एक अपवाद मात्र ताजा आहे. पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात मुलगी घटनेच्या वेळी चौदा वर्षांची होती, पुढे त्याच माणसाशी संसार करत होती. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने मे 2025 मध्ये राज्यघटनेचा अनुच्छेद 142 (पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा अधिकार) वापरून त्याला शिक्षा भोगायला लावली नाही आणि हा दाखला इतरत्र चालणार नाही, असंही बजावलं. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. याला 'माफी' म्हणू नये, ती राज्यपाल किंवा राष्ट्रपती देतात. 'निर्दोष सुटला' तर मुळीच नाही. दोषसिद्धी कायम राहिली, शिक्षा भोगावी लागली नाही, इतकंच लिहावं.