बारावीपर्यंत मुलीला घरीच शिकवायचंय, कायदा काय म्हणतो?

प्रश्न: आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी खासगी इंग्रजी शाळेत सातवीत आहे, येत्या ऑगस्टमध्ये तिला 13 पूर्ण होतील. गेलं वर्षभर शाळेत जायचं म्हटलं की सकाळी तिच्या पोटात दुखतं, कधी उलट्या होतात. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. घरी मात्र ती तासन् तास मन लावून अभ्यास करते. मी घरून काम करते, मिस्टरांचीही तयारी आहे. तिला आत्ताच शाळेतून काढून थेट बारावीपर्यंत घरी शिकवावं असं आमच्या मनात आहे. सासरे म्हणतात, पोलीस दारात येतील. मुख्याध्यापिका म्हणतात, नव्या शाळेचं नाव सांगा, मगच दाखला देऊ. एका ओळखीच्यांनी सुचवलंय की लांबच्या एखाद्या शाळेत नुसतं नाव घालून ठेवा, हजेरीचं ते बघतात. काय करावं?

उत्तर: ताई, आठवीनंतर बारावीपर्यंत मुलीला घरी शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. आठवी होईपर्यंत मात्र तिचं नाव शाळेच्या पटावर असावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणून माझा सल्ला असा की आत्ता दाखला काढू नका. तुमचा प्रश्न खरं तर पुढच्या एका वर्षापुरताच अवघड आहे.

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा म्हटलं की लोकांना 25 टक्क्यांचे प्रवेशच आठवतात. पण 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या याच कायद्याच्या कलम 10 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे. हे कर्तव्य मोडलं तर आईवडिलांना दंड किंवा कैद, असं कलम मात्र त्या कायद्यात नाही. ‘सक्तीचं शिक्षण’ यातली सक्ती कलम 8 ने सरकारवर घातली आहे: मुलाला प्रवेश मिळेल, ते शाळेत येईल आणि शिक्षण पुरं करेल हे सरकारने बघायचं. तेव्हा सासऱ्यांना सांगा, या कारणासाठी पोलीस येणार नाहीत. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात नाव आलं तर महापालिकेच्या शाळेतले शिक्षक घरी येतील आणि मुलीला शाळेत घाला म्हणून सांगतील. त्यांच्याशी नीट बोला, काही लपवू नका.

पण शिक्षा नाही म्हणजे मुभा आहे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. 2012 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. संसदेने ही वाट ठरावीक मुलांसाठी नाव घेऊन उघडली. मग ती सगळ्यांसाठी आधीपासून उघडीच होती, असं कोर्टात म्हणणं जड जातं. त्याच वर्षी केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात आधी सांगितलं की घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, आणि नंतर ते प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. अशा डळमळीत जमिनीवर तुमच्या लेकीची दोन वर्षं उभी करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आता तिच्या पोटदुखीबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि तिच्यावर कायद्यात उपाय आहेत. शाळेत कोणी छळतं का, वर्गात कोणी पाणउतारा करतं का, हे तिला शांतपणे विचारा. कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. असं काही निघालं तर शाळेला लेखी कळवा, दाद लागली नाही तर नवी मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे कलम 32 खाली लेखी तक्रार करा. तिचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. छळ नसून भीतीच असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र घ्या आणि ते जोडून रजेचा अर्ज द्या. आठवी होईपर्यंत शाळा कोणत्याही मुलाला काढून टाकू शकत नाही, हे कलम 16 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे रजेच्या काळात ती घरी अभ्यास करेल आणि तिचं नावही पटावर राहील. आठवीची वार्षिक परीक्षा मात्र तिला द्यावीच लागेल. आपल्या राज्यात आता पाचवी आणि आठवीला नापास मुलाला फेरपरीक्षा असते आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं.

शाळाच बदलायची असेल तर तेही करा. दुसऱ्या शाळेत प्रवेशासाठी दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो ताबडतोब द्यायचा, असं कलम 5 सांगतं. तुमच्या मुख्याध्यापिकाबाई अडून बसल्यात त्याचं मूळही इथेच आहे. हे कलम शाळेतून शाळेत जाणाऱ्या मुलाबद्दल बोलतं, घरी बसवण्यासाठी दाखला मागणाऱ्याबद्दल नाही. बाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडण काढू नका.

हा दाखला पुढे जन्मभर लागतो, त्यामुळे त्याबद्दल थोडं विस्ताराने. त्यावरचा जनरल रजिस्टर क्रमांक, आईचं नाव, जन्मस्थळ, जात, अक्षरी जन्मतारीख हे सगळं शाळेच्या रजिस्टरातून उतरवलेलं असतं. मुलाने एकदा शाळा सोडली की त्या रजिस्टरातली चूक दुरुस्त करून घेताना नाकी नऊ येतात. जात पडताळणीच्या वेळी ‘नोंद चुकीची आहे’ म्हणून रडकुंडीला आलेले पालक माझ्यासमोर नेहमी बसतात. तेव्हा नाव पटावर आहे तोवरच जन्माचा दाखला आणि आधार घेऊन शाळेत जा, रजिस्टरातली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि स्पेलिंगसह जुळवून घ्या. आठवीच्या निकालानंतर दाखला घ्याल तेव्हा ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘मुक्त विद्यालयातून पुढील शिक्षण’ असं लिहून मागा. गैरहजेरीमुळे नाव कमी केलं, असा शेरा येऊ देऊ नका.

आठवी संपेल तेव्हा मुलगी 13 वर्षं 8 महिन्यांची असेल, ऑगस्टमध्ये तिला 14 पूर्ण होतील. त्यानंतर तिच्यापुढे मुख्य दोन रस्ते आहेत. पहिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. दहावीसाठी वय 14 पूर्ण लागतं, किमान पाच विषय घ्यायचे असतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. परीक्षेच्या धास्तीने आजारी पडणाऱ्या मुलीसाठी ही फार मोठी सोय आहे. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. दहावी आणि बारावीत मात्र दोन वर्षांचं अंतर राहतं.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा फॉर्म. त्यात ती खासगी विद्यार्थिनी म्हणून नेहमीच्याच दहावीला बसते, फॉर्म ऑनलाइन भरतात आणि मंडळाने नेमलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेतून पुढचं काम होतं. ठाणे जिल्हा मंडळाच्या मुंबई विभागात येतो, त्याचं कार्यालय तुमच्याजवळ वाशीलाच आहे. या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो, दाखल्याबद्दल वर इतकं लिहिलं ते याहीसाठी. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पण तुमच्या लेकीसाठी मी एनआयओएसच निवडेन.

एनआयओएसची मुलं डॉक्टर होऊ शकत नाहीत, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमात तशी आडकाठी होती खरी. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा वाद मुलांच्या बाजूने मिटला. एक मात्र सांभाळा, परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात.

ओळखीच्यांनी सुचवलेल्या ‘नुसतं नाव घालण्याच्या’ वाटेने जाऊ नका. तिथे तुमच्या मुलीच्या नावाने रोज खोटी हजेरी लागेल आणि त्या खोट्या नोंदीत तुम्हीही सामील असाल. बोर्डाच्या परीक्षेला 75 टक्के हजेरीची अट असते. तपासणीत असं प्रकरण उघडं पडलं की शाळा हात वर करते आणि मुलीचं वर्ष जातं. ‘होमस्कूल सेंटर’ म्हणून रोज वर्ग भरवणाऱ्या ठिकाणीही पैसे भरण्याआधी शाळेची मान्यता दाखवा म्हणा. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला कलम 18 खाली एक लाखापर्यंत दंड आहे आणि अशा ठिकाणच्या कागदाला पुढे कोणी विचारत नाही.

एवढं सांगूनही डॉक्टरच म्हणाले की मुलीला या वर्षी शाळेत पाठवूच नका, तर त्यांचं ऐका. तिची तब्येत आधी. अशा वेळी 14 पूर्ण होईपर्यंत तिला परत शाळेत वयाला साजेशा वर्गात प्रवेश मागता येतो, कलम 4 ने तो हक्क दिला आहे.

या आठवड्यात मुख्याध्यापिकांना एक पानाचा अर्ज द्या, सही तुम्हा दोघांची असू द्या. मुलीचा त्रास, डॉक्टरांचं म्हणणं, किती दिवसांची रजा हवी आणि त्या काळात अभ्यासक्रम व परीक्षांच्या तारखा कळवण्याची विनंती, एवढंच लिहा. घरी शिकवण्याचा विषय त्यात काढू नका. तुमच्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शाळेने अर्ज घ्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.