सायकलला पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नसताना ट्रेनिंग ॲपवरून प्रगती कळते का?

कळते की! छातीचा हार्ट रेट पट्टा असला तरी पुरे. फक्त सरासरी वेगाच्या नादी लागू नका, समोरून वारा सुटला की तो आकडा कोसळतोच. एकच चढ ठरवा, महिन्यातून दोनदा त्याच हार्ट रेटला, समजा १४५ ला, चढा आणि वेळ बघा. १२ मिनिटांचा चढ सव्वाअकरावर आला, तर काम होतंय.

ॲपच्या आलेखातली 'फिटनेस'ची रेघ म्हणजे बहुतेक ठिकाणी ४२ दिवसांच्या श्रमांची सरासरी, अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देऊन काढलेली. आठवडाभर विश्रांती घेतली की ती उतरते, पाय मात्र ताजे होतात. आणि थ्रेशोल्डचा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त जोराच्या हार्ट रेटचा, आकडा ॲपमध्ये अधूनमधून नव्याने तपासून बदला, श्रमांचा हिशेब त्यावरूनच होतो. माझा वर्षभर जुनाच राहिला होता, सगळे आलेख फुकट गेले.