पगार बंद, हप्ता चालू : लोनसोबतचा इन्शुरन्स आजारपणात कामी येतो का?

लोनसोबत चिकटवलेल्या इन्शुरन्सबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. त्यातली तीन घेतली, नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : मी बुटीबोरी एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे, ग्रॉस पगार १९,५००, ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कटते. दोन वर्षांआधी साडेतीन लाखाचं पर्सनल लोन घेतलं तेव्हा बँकवाल्याने त्यातच १४ हजाराचा इन्शुरन्स टाकला अन् म्हणाला, भाऊ उद्या घरी बसायची वेळ आली तर हप्ता कंपनी भरते, टेन्शनच नाही. मार्चमध्ये शिफ्टवर ड्रम उचलताना कमरेत कटकन झालं, तिथंच बसलो. पोरांनी घरी आणून सोडलं, दोन दिवसांनी धंतोलीत प्रायव्हेट हॉस्पिटलात दाखवलं तर एमआरआयमध्ये डिस्क सरकलेली निघाली, ऑपरेशन झालं, आता डॉक्टर म्हणून राहिले तीन महिने वजन उचलायचं नाही. पगार बंद, ७,९०० चा हप्ता चालू. बँकेत गेलो तर म्हणते आजारपण यात बसत नाही, फॉर्मसुद्धा देत नाही. मंग काहून घेतला मी हा इन्शुरन्स?
— एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : भाऊ, पहिले सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स शोधा. अशा लोनमध्ये मूळ ग्रुप पॉलिसी बँकेच्या नावाने असते, तुम्ही तिचे फक्त मेंबर, आणि तुमच्या हातातला कागद म्हणजे ते दोनतीन पानी सर्टिफिकेट, जे बहुतेकांना पीडीएफ म्हणून ईमेलवर आलेलं असतं आणि कोणी उघडूनही पाहिलेलं नसतं. सापडत नसेल तर ब्रँचला लेखी अर्ज द्या, आपल्या कॉपीवर शिक्का घ्या.

त्यात बघायचं ते हे की नेमकं काय झालं तर पैसे मिळतात. साधारण मृत्यू, अपघाताने कायमचं अपंगत्व, यादीतला एखादा गंभीर आजार, आणि काहींमध्ये नोकरी जाणं, तेही कंपनीने कमी केलं तरच, स्वतः राजीनामा दिला तर नाही. "आजारी आहे म्हणून कामावर जाता येत नाही" एवढ्यावर हप्ता भरणारी पॉलिसी आपल्याकडे क्वचितच दिसते, आणि डिस्क तर गंभीर आजारांच्या यादीत सहसा नसतेच. म्हणजे आजचा काउंटरवाला अगदीच खोटं नाही बोलला, खोटं बोलून गेला तो लोनच्या वेळचा विकणारा.

पण इथं थांबू नका. काही सर्टिफिकेटांत टेम्पररी टोटल डिसेबलमेंट अशी एक ओळ असते, म्हणजे अपघातामुळे काही आठवडे कामच करता येत नसेल तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम, किंवा मोजके हप्ते. ती ओळ असेल तर तुमची केस उभी राहते, आणि मग सगळं भांडण तुमची कमर "अपघात" आहे की "आजार" यावर येतं. इन्शुरन्सच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित, स्वतःच्या मर्जीविरुद्ध, बाहेरच्या दिसणाऱ्या जोरदार कारणाने झालेली गोष्ट. इन्शुरन्स कंपनीचा माणूस काय करणार, तर एमआरआयच्या रिपोर्टात "डीजनरेटिव्ह चेंजेस" हे शब्द शोधणार आणि म्हणणार की हे वयाने झिजलेलं आहे, ड्रमचा काय संबंध. म्हणून हॉस्पिटलातून इनडोअर केस पेपरची कॉपी मागा आणि पहिल्या पानावर हिस्ट्रीत काय लिहिलंय ते बघा. "कामावर वजन उचलताना अचानक दुखणं सुरू" असं असेल तर हे तुमचं सगळ्यात भारी कागद. नुसतं "कंबरदुखी" लिहिलं असेल तर डॉक्टरांना जे खरंच माहीत आहे, तुम्ही पहिल्या भेटीत जे सांगितलं होतं, तेवढं सर्टिफिकेटात लिहून द्यायला सांगा. मागची तारीख टाकून काही लिहून घेऊ नका बाप्पा, कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर हॉस्पिटलात जाऊन रजिस्टर बघतो आणि एक खाडाखोड सापडली की खरा क्लेमही जातो.

आता खरं सांगतो, तुमचा मोठा पैसा बँकेच्या इन्शुरन्समध्ये नाहीच, तो ईएसआयसीत आहे आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही! पगार २१,००० च्या आत आहे, दर महिन्याला तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कटतात आणि कंपनी वरून ३.२५ टक्के भरते, ते काय फक्त दवाखान्यासाठी नसतात. आजारपणाच्या रजेत ईएसआयसी रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के देते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, अट ही की आधीच्या सहा महिन्यांच्या काँट्रिब्युशन पिरियडमध्ये किमान ७८ दिवसांचं काँट्रिब्युशन भरलेलं पाहिजे. तुमचा हिशोब करा, रोजचे साधारण ६५० पडतात, त्याचे ७० टक्के ४५५, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास, हप्ता भरून घर चालवायला थोडं उरतं. आणि दुखापत कामावर, कामामुळे झाली हे मान्य झालं तर तो सिकनेस राहतच नाही, ती एम्प्लॉयमेंट इंजुरी होते, तिथं ९० टक्के मिळतात, ७८ दिवसांची अट नाही आणि काम करता येत नाही तोपर्यंत मिळतात.

त्यासाठी कंपनीने अ‍ॅक्सिडेंट रिपोर्ट ईएसआयसीला पाठवायला पाहिजे. पोरांनी तुम्हाला थेट घरी सोडलं, म्हणजे अ‍ॅक्सिडेंट रजिस्टरमध्ये नोंदच झाली नसणार असं मला वाटतं. एचआरला आजच लेखी द्या, तारीख, शिफ्ट, मशीन, सोबत कोण होतं सगळं लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, ईमेल नाहीतर पोच घेऊन. मग तुम्ही ज्या ईएसआय डिस्पेन्सरीला जोडलेले असाल तिथं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, कारण आजारपणाचं सर्टिफिकेट तिथल्या डॉक्टरचं लागतं, धंतोलीच्या सर्जनचं नुसतं चालत नाही. मागच्या दिवसांसाठी बाहेरच्या हॉस्पिटलचे कागद पुरावा म्हणून धरायचे की नाही ते ईएसआयसीचे अधिकारी ठरवतात, म्हणून उशीर करू नका. आणि एक, कंपनीने काही दिवस पगारी रजेत टाकले असतील तर त्या दिवसांचे ईएसआयसीचे पैसे नाही मिळत, दोन्हीकडून घेता येत नाही.

राहिला हप्ता. क्लेम टाकला म्हणजे हप्ता थांबला असं लोक समजतात आणि तिथंच फसतात. क्लेमचं काहीही होवो, बँकेच्या लेखी हप्ता थकला की थकला, ९० दिवसांच्या वर गेला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, आणि सिबिलवर त्याच्या खूप आधी डाग पडतो. म्हणून मॅनेजरला लेखी मागणी करा की मेडिकल कारणाने तीन महिने हप्ता कमी करा किंवा मुदत वाढवून द्या. द्यायलाच पाहिजे असा नियम नाही, पण पहिला हप्ता चुकायच्या आधी विचारलेलं आणि तिसरा चुकल्यावर विचारलेलं यात बँकेच्या नजरेत फार फरक असतो. वसुलीवाले फोन करत असतील तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना परवानगी नाही, हेही माहीत असू द्या.

आणि बँक फॉर्म देत नाही याला काही अर्थ नाही. क्लेम मंजूर-नामंजूर करणारी इन्शुरन्स कंपनी, बँक नाही. सर्टिफिकेटवर कंपनीचा ईमेल असतो, तिथं थेट कळवा. नाकारला तर लेखी कारण मागा, कारण पुढच्या सगळ्या दारांवर तोच कागद दाखवावा लागतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी होमलोन घेताना बँकेने हप्त्याच्या सुरक्षेचा इन्शुरन्स दिला, त्यात गंभीर आजारही आहेत. डिसेंबरात त्यांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, दोन महिने दुकान बंद. क्लेम नाकारला, कारणं दोन : अँजिओप्लास्टी यादीत नाही, आणि बीपी लपवलं. बीपीची गोळी ते आठ-दहा वर्षांपासून घेतात हे खरं आहे पण फॉर्म बँकेच्या मुलाने टॅबवर भरला, आम्ही फक्त ओटीपी सांगितला, त्याने बीपीचं विचारलंच नाही. आता काही होऊ शकतं का?
— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : होऊ शकतं ताई, पण दोन्ही कारणं वेगवेगळी हाताळा.

अँजिओप्लास्टी यादीत नसेल तर नसेल, त्यावर डोकं घालवू नका. पण हार्ट अटॅक बहुतेक प्रत्येक यादीत असतो आणि क्लेम अटॅकचा आहे, फुगा फिरवल्याचा नाही! बरेचदा घरचे लोक फॉर्मवर "अँजिओप्लास्टी" लिहितात कारण बिल त्याचं असतं, आणि कंपनी तोच शब्द धरून बसते. अटॅकच्या व्याख्येत तीन गोष्टी बघतात, छातीत दुखल्याची हिस्ट्री, ईसीजीमधले नवीन बदल आणि रक्तातलं ट्रोपोनिन किंवा तसलं एन्झाइम वाढलेलं. हे तीन कागद हॉस्पिटलातून काढा आणि फेरविचाराच्या अर्जात अटॅकच्याच नावाने लावा. डिस्चार्ज कार्डवर "अनस्टेबल अँजायना" लिहिलं असेल तर मात्र अवघड आहे, तो अटॅकमध्ये धरत नाहीत.

बीपीचं पुढचं उत्तर सर्टिफिकेटवर कोणत्या कंपनीचं नाव आहे त्यावर ठरतं. लाइफ इन्शुरन्स कंपनी असेल तर इन्शुरन्स अ‍ॅक्टचं कलम ४५ तुमच्या बाजूने आहे, संरक्षण सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही, आणि तुमची चार झालीत. जनरल किंवा हेल्थ कंपनी असेल तर तिथं मुदत सलग ६० महिन्यांची, त्यात तुम्ही अजून बसत नाही. मग फॉर्मची कॉपी मागा, ओटीपीची वेळ, त्या दिवशी ती लिंक कोणाच्या टॅबवर उघडली हे विचारा, आणि लिहून द्या की आरोग्याचे प्रश्न विचारलेच नव्हते. जिंकाल अशी हमी मी नाही देत, दहा वर्षांची गोळी ही कंपनीसाठी आयती गोष्ट आहे. पण बँकेच्या मुलांनी सगळीकडे "नाही, नाही, नाही" टिक करून ठेवायची ही पद्धत इतकी जुनी झाली आहे की न सांगितल्याचा सगळा भार तुमच्याच डोक्यावर टाकणं मला पटत नाही.

आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला तक्रार. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूरचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे येतं, पण अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, पुण्याच्या गाडीचं तिकीट काढायची घाई नको. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. दुसरा रस्ता सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथं मुदत दोन वर्षं. तिथं केस आधीच टाकली असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून लोकपालाकडे पहिले जा. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर १५५२५५ वर विमा नियामकाची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : माझा भाचा लंडनला असतो. तो म्हणतो तिकडे असाच इन्शुरन्स विकल्याबद्दल बँकांनी लोकांना पैसे परत दिले. आपल्याकडे असं मागता येतं का? आमचं लोन मुदतीआधी फेडून होत आलं आहे, इन्शुरन्स मात्र पूर्ण मुदतीचा कापलेला आहे.
— एक निवृत्त वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : भाचा बरोबर सांगतो. तिकडे त्याला पीपीआय म्हणतात, आजारपण आणि नोकरी गेल्यावर हप्ता भरणारा, म्हणजे आपल्या पहिल्या पत्रवाल्या भाऊला जे सांगून विकलं जवळपास तेच. गंमत म्हणजे तिथंही कंबरदुखी आणि मानसिक ताण यांवर बऱ्याच पॉलिसींत अटी होत्या, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही ती सर्रास विकली, ज्यांना तिचा फारसा उपयोग नव्हता. बँकांनी ३८ अब्ज पौंडांच्या वर परत केले आणि तक्रारीची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती, म्हणजे तिकडचंही दार आता बहुतेकांसाठी लागलं.

आपल्याकडे अशी सरसकट परतफेड झालेली नाही, इथं ज्याने त्याने आपापलं मागायचं. तुमच्या बाबतीत मागायचं ते वेगळंच आहे. प्रीमियम एकरकमी लोनमध्येच जोडला होता आणि त्यावर तुम्ही व्याजही भरलंत, आता लोन आधी संपतंय तर उरलेल्या मुदतीचं काय, हा प्रश्न विचारा. सर्टिफिकेटमध्ये लोन बंद झाल्यावर सरेंडर किंवा रिफंडची अट असते, काही ठिकाणी संरक्षण तसंच पुढे चालू ठेवायचा पर्यायही देतात, आणि वय झालेल्या माणसाने तो न बघता पैसे घेऊन मोकळं होऊ नये, कारण या वयात नवीन लाइफ कव्हर महाग पडतं. नको असेल तर लोन क्लोजरच्या अर्जातच रिफंडची एक ओळ टाका, एनओसी हातात आल्यावर ब्रँचवाले ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

आणि घरात कोणी नवीन लोन घेत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ लोनला बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं असतं, त्यात इन्शुरन्ससारखे दुसऱ्यासाठी कापलेले पैसेही वार्षिक खर्चाच्या टक्केवारीत धरून दाखवावे लागतात. तो आकडा इन्शुरन्स धरून आणि वगळून, दोन्ही मागा. घेऊन झालाच असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये परत करता येतो, त्यासाठी बँकेच्या नाही, इन्शुरन्स कंपनीच्या ईमेलवर लिहायचं.