कळंगुटच्या ४० खोल्यांच्या हॉटेलला ॲड्रेसेबल फायर अलार्मचा एकच लूप पुरेल का?

पुरेल. ॲड्रेसेबल म्हणजे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर, आणि लूप म्हणजे पॅनेलमधून (अलार्मच्या मुख्य पेटीतून) निघून सगळ्या उपकरणांवरून परत पॅनेललाच येणारी वायर. बहुतेक पॅनेलांच्या एका लूपवर शंभराहून जास्त उपकरणं बसतात. पण आकड्यापेक्षा आयसोलेटर (शॉर्ट झालेला तुकडा बाकी लूपपासून तोडणारं उपकरण) बघा: ते मजल्यागणिक नसले तर एका शॉर्टमध्ये अख्खा लूप आंधळा होतो. परतीची वायरही वेगळ्या डक्टमधून आणा, नाहीतर दोन्ही एकदमच तुटतील, मग लूप करून उपयोग काय! गोव्यातल्या हॉटेलांत हीच कामं करतो. रात्री दोनला उगाच वाजणारा डिटेक्टर बहुधा बाथरूमच्या दाराशी, आंघोळीच्या वाफेत सापडतो. तो लांब सरकवा, किचनला हीट डिटेक्टर (धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा) द्या, आणि पॅनेलमध्ये नुसतं '०२३' न ठेवता 'दुसरा मजला, खोली २०४' असं भरा. मात्र हूटर (भोंगे) लूपवरच चालवणार असाल तर करंट आणि बॅटरीचा हिशेब आधी मांडा; तिथे एक लूप कमी पडू शकतो.